पँट आधी उलटी करून पाहा

रमजानचे पंधरा रोजे झाले की घरोघर कपड्यांचा विषय निघतो. पूर्वी तो सोपा होता. कापड घ्यायचे, टेलरकडे माप द्यायचे आणि चांदरातीपर्यंत त्याच्या दुकानाचे उंबरे झिजवायचे. आता सोळा-सतरा वर्षांचा मुलगा मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, "अब्बा, मला अशी हवी." चित्रातला मुलगा भिंतीला टेकून उभा असतो. अंगात ढगळ टी-शर्ट, खाली तितकीच ढगळ पँट, दोन्ही मांड्यांवर झाकणाचे मोठे खिसे, कुठे पट्टे लोंबताहेत, कुठे चेन. किंमत वाचून अम्मीचा चेहरा बदलतो आणि पँट पाहून दादाजानचा.

कार्गो आणि जॉगर मुलांनी घालावी की नाही, यावर आम्हाला इथे वाद घालायचा नाही. मुले ती घालतातच. कॉलेजला, कामाला, क्रिकेटला आणि मशिदीतही. मग घ्यायचीच तर कोणती घ्यावी, पैसे कशाचे मोजावेत आणि कशाचे मोजू नयेत, एवढे घरातल्या मोठ्यांना सांगता आले पाहिजे. "आमच्या वेळी असले नव्हते" एवढ्यावर मुलगा गप्प बसतो, पण पटत मात्र नाही.

आम्हाला यातले थोडे कळते ते पोटापाण्यामुळे. पावणे म्हटले की लोकांना केमिकलच्या कंपन्या आठवतात. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला रेल्वे आणि सिडकोच्या वसाहती, दुसऱ्या अंगाला एमआयडीसीचा टीटीसी पट्टा, आणि या सगळ्याच्या आधीपासून असलेले गावठाण, असे हे ठिकाण. पण याच पट्ट्यातल्या गाळ्यांतून शिलाईची मशिनेही चालतात. आम्ही नवरा-बायको दोघे अशाच एका युनिटात आहोत. एक मशिनवर, दुसरी चेकिंगच्या टेबलावर. दिवसभरात शेकडो पँटी हाताखालून जातात. त्यामुळे दुकानात गेलो तरी हात आपोआप कपड्याच्या आतल्या बाजूला जातो. दुकानदाराला ते आवडत नाही.

आधी या पँटीचे कूळ सांगू. मांडीवरचा मोठा खिसा ही फॅशनवाल्यांची कल्पना नाही. 1938 च्या सुमारास ब्रिटिश सैन्याचा नवा गणवेश आला, त्यात डाव्या मांडीवर नकाशा ठेवण्यासाठी मोठा खिसा होता. पुढे 1942 मध्ये अमेरिकेच्या छत्रीधारी सैनिकांच्या पँटीला दोन्ही मांड्यांवर तसे खिसे आले. विमानातून उडी मारायची तर शिधा, दारूगोळा, सगळे अंगावरच न्यावे लागे. खिसे इतके भरत की ते फाटू लागले. मग त्यांना जाड कॅनव्हासचा आधार शिवला आणि मांडीभोवती बांधायला पट्ट्या लावल्या. आज दुकानात ज्या पँटीला पट्टे नुसते लोंबत असतात, त्या पट्ट्यांचे मूळ हे आहे. तेव्हा त्यांना काम होते. आता बऱ्याच पँटींवर ते फक्त लोकलच्या दारात अडकण्यासाठी असतात.

जॉगर तर आणखी जवळची. कमरेला नेफा, नेफ्यात नाडी, मध्ये ऐसपैस आसन, खाली आवळलेली मोहरी. आपल्या आजोबांचा पायजमा याहून वेगळा काय होता? पायजमा हा शब्दच फारसी, पायात घालायचा कपडा. इंग्रजांनी तो हिंदुस्थानात उचलला आणि झोपायला घालू लागले. आता तोच कपडा होजिअरीच्या कापडात, परदेशी नाव घेऊन आपल्या पोरांकडे परत आला आहे. त्या काळच्या अरबस्तानातही पायजम्यासारखा कपडा होता. हदीसमध्ये त्याचा 'सरावील' असा उल्लेख येतो, इहराममध्ये पुरुषाने काय घालू नये हे सांगताना. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना आम्ही म्हणतो, या कपड्याला परका समजून नाक मुरडू नका. टेलरिंगचे जे शब्द तुम्हाला ठाऊक आहेत, नेफा, आसन, मियानी, मोहरी, त्याच शब्दांनी ही पँट तपासता येते.

आता तपासायची कशी? पँट हातात आली की सर्वांत आधी ती उलटी करा.

एक हदीस सगळ्यांनी ऐकलेली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगापाशी थांबले आणि त्यांनी हात आत घातला. बोटांना ओल लागली. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजले. त्यावर प्रेषितांनी (स.) विचारले की मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. आणि फसवणूक करणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही, असे बजावले. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे. वाज ऐकताना आपण यातून व्यापाऱ्याने काय शिकावे ते ऐकतो. चेकिंगच्या टेबलावर बसणाऱ्याला त्यात गिऱ्हाइकासाठीही काही दिसते: हात आत घालून पाहण्यात गैर काही नाही.

उलट्या पँटीत पहिल्यांदा आसनाची शिलाई पाहा. पुढून मागे, दोन पायांच्या मधून जाणारी. सगळा ताण तिच्यावर येतो. बसलो की, बाइकवर टांग टाकली की, रुकूत वाकलो की. दोन्ही बाजूंनी कापड धरा आणि शिलाई उघडेल असे ओढा. धाग्यांची शिडी दिसू लागली, तर ती पँट पहिल्या महिन्यातच दगा देणार. चांगल्या कार्गोत इथे कापडाच्या कडा एकमेकींत दुमडून दुहेरी शिलाई मारलेली असते, जीन्सच्या पायाला असते तशी. आत कापडाची कच्ची कड दिसत नाही. हे 'फीड ऑफ आर्म' नावाच्या मशिनवर होते, आणि त्या मशिनवरचा कारागीर स्वस्तात मिळत नाही. स्वस्त मालात नुसती एक शिलाई आणि वर ओव्हरलॉक. तेही चालते, पण ओव्हरलॉकला पाच धागे हवेत. तीन धाग्यांचे ओव्हरलॉक बनियनला ठीक, कार्गोला नाही.

चारही शिलाया जिथे भेटतात तिथे एक चौकोनी किंवा पतंगासारखा तुकडा जोडला आहे का ते पाहा. हीच मियानी. सलवारीत ती असतेच. जॉगर आणि कार्गोत फार थोडे लोक घालतात, कारण तिला कापडही जास्त लागते आणि वेळही. मियानी असेल तर ताण एका टाक्यावर न येता चार बाजूंना वाटला जातो. आमच्या मते वीस खिशांपेक्षा एक मियानी मोलाची.

मग खिसे. खिशाच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांवर बारीक, दाट, आडवी शिलाई हवी. तिला बारटेक म्हणतात. सैनिकांचे खिसे जिथून फाटले त्याच जागा या. बारटेक नसेल तर मोबाइलच्या वजनाने खिसा कोपऱ्यातून सुटतो आणि सोबत मांडीचे कापडही घेऊन जातो. ते मग रफू करूनही लपत नाही. बाजूच्या खिशात हात घालून आतली पिशवी चोळून पाहा. वरचे कापड झकास आणि आत मच्छरदाणीसारखी जाळीदार पिशवी, हा नेहमीचा चलाखीचा प्रकार. आठवड्यात त्या पिशवीतून नाणी घरंगळतात.

मांडीवरचा खिसा नुसता वरून चिकटवलेला सपाट तुकडा आहे की बाजूंना घडी घालून फुगू शकेल असा केला आहे, तेही बघा. सपाट खिशात पाकीट घातले की पँटच ताणली जाते. झाकणाला टिचबटण बरे. वेल्क्रो दोन-चार महिन्यांत कापसाचे तंतू धरून निकामी होते, आणि मशिदीत सगळे शांत असताना कोणी खिसा उघडला की टर्र असा आवाज होतो तो वेगळाच. आणखी एक, खिसा गुडघ्याला येईल इतका खाली नको. चालताना मोबाइल गुडघ्यावर आपटत राहतो आणि सजद्यात जाताना नेमका गुडघ्याखाली येतो.

जॉगरच्या कमरेत दोन्ही अंगठे घालून ताणा आणि सोडा. आतले इलास्टिक नेफ्यात फिरते का? फिरत असेल तर दोन धुण्यांत त्याची दोरी होते आणि कमरेत रुतते. चांगल्या मालात इलास्टिक कापडासकट तीन-चार समांतर शिलायांनी बसवलेले असते. कारागीर त्या मशिनला कानसाई म्हणतात. नाडी खरी आहे का, तेही ओढून पाहा. कित्येक जॉगरींना समोर लोंबणारी नाडी दोन्हीकडे टाचलेली असते, नुसती शोभेची. इलास्टिक सैल पडले की अशा पँटीला आधारच उरत नाही.

एवढे पाहायला पाच मिनिटे लागतात. दुकानदार "क्या आपा, खरीदना है कि नहीं" म्हणेल. म्हणू द्यावे.

आता जे सांगायचे आहे त्यासाठी आमच्या घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. आमचा थोरला गेल्या वर्षी दहावीनंतर सुटीत एका गोदामात पार्सल वेगळे करायच्या कामाला लागला. पहिल्या पगारातून त्याने स्वतः कार्गो आणली. काळी, कमरेत अगदी खाली बसणारी, खिशावर कवटीचे चित्र. जुम्याला तीच घालून गेला. नमाज झाल्यावर एका बुजुर्गांनी त्याला सगळ्यांसमोर थांबवले. सजद्यात मागून कंबर उघडी पडत होती, मागच्या सफमधल्यांची नमाज खराब होते, असल्या कपड्यात मशिदीत पाय ठेवू नकोस, असे बरेच काही ते बोलले. मुलगा काही न बोलता घरी आला. त्यानंतर तीन जुमे तो गेला नाही. आम्हाला तो कामावर जास्त वेळ थांबतो असे सांगत होता.

बुजुर्गांचा मुद्दा खोटा नव्हता. पुरुषाचे सतर नाभीपासून गुडघ्यापर्यंत, असे बहुतेक फुकहांचे मत आहे. सजद्यात पाठीकडचा भाग उघडा पडला तर प्रश्न फॅशनचा राहत नाही, नमाजचा होतो. सजीवाचे चित्र असलेला कपडा नमाजला टाळावा हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण सांगायची रीत? एका खेडुताने मशिदीत लघवी केली तेव्हा लोक त्याच्यावर धावून गेले, आणि प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले, पाणी ओतायला सांगितले. त्याच्या चुकीपुढे सतरा वर्षांच्या पोराची ढिली पँट म्हणजे काय? पँट बदलायला एक तास लागतो. मशिदीकडे न वळणारी पावले परत वळवायला किती वर्षे लागतील, सांगता येत नाही.

आम्ही त्याला पँटीबद्दल लगेच काही बोललो नाही. एका रविवारी ती पँट टेबलावर उलटी पसरली आणि त्यालाच टेप दिला. आसन कमरेपासून मियानीच्या जागेपर्यंत मोजायला सांगितले, पुढून आणि मागून. शेजारी त्याच्या अब्बांची साधी पँट ठेवली. दोन्हींत मागच्या बाजूला पाऊण वितीचा फरक निघाला. पुढच्या आसनापेक्षा मागचे आसन मोठे असावे लागते, कारण वाकल्यावर पाठीकडचे कापड खाली ओढले जाते. हे त्याला एका मिनिटात कळले. गोदामात पार्सल उचलायला वाकला की त्याचीही कंबर उघडी पडत होती आणि तो दिवसभर पँट वर ओढत होता, हे मग त्यानेच सांगितले. म्हणजे जो कपडा सजद्यात फसतो तो कामातही फसतो. ही गोष्ट धमकावून सांगायची गरजच नव्हती.

त्यामुळे आमच्याकडे आता एक रिवाज झाला आहे. ट्रायल रूममध्ये नुसते आरशासमोर उभे राहायचे नाही. रुकूत वाकायचे, जागा असेल तर सजदा करायचा, मग कादामध्ये बसायचे तसे पाय दुमडून बसायचे. कंबर मागून सरकते का, मांडीला कापड तटतटते का, गुडघ्यात आवळते का, खिशातला मोबाइल घरंगळतो का, चारही गोष्टी कळतात. मॉलमधल्या ट्रायल रूमच्या बाहेर उभा असलेला शिपाई दाराखालून दिसणारे पाय पाहून एकदा घाबरला होता, पोराला चक्कर आली की काय म्हणून.

घोट्याचा प्रश्नही याच रांगेतला. कपडा घोट्याखाली लोंबवण्याबद्दल हदीसमध्ये कडक शब्द आहेत. काही उलमा तो इशारा घमेंडीने लोंबवणाऱ्यासाठी मानतात, कारण हजरत अबू बकर (रजि.) यांनी आपला तहबंद एका बाजूने नकळत घसरतो असे सांगितले तेव्हा, तुम्ही गर्वाने तसे करणाऱ्यांपैकी नाही, असे त्यांना उत्तर मिळाले. काही उलमा सर्वांसाठीच मनाई मानतात. आपापल्या आलिमांना विचारावे, आम्ही मुफ्ती नाही. पण एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. लांब पँट घातलेली मुले वुजू करून येतात आणि सफमध्ये उभी राहताना पँट खालून दुमडतात. नमाजमध्ये कपडे सावरत, गोळा करत बसू नये अशीही हदीस आहे, आणि त्या दुमडण्यावरूनही मशिदीत दोन मते ऐकू येतात. जॉगरची रिब घोट्याच्या वर बसली की हा सगळा प्रश्नच मिटतो. म्हणजे ज्या पँटीला वडीलधारे नावे ठेवतात तिनेच हे काम सोपे केले आहे. फक्त रिब लायक्रा घातलेली हवी. साध्या सुती रिबची दोन महिन्यांत घंटा होते आणि ती टाचेवर येऊन बसते.

लांबी ठरवताना धुलाईही धरावी. सुती कापड पहिल्या काही धुण्यांत आटते. शंभर सेंटिमीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर सहज जातात, होजिअरीचे त्याहूनही जास्त. दुकानात बरोबर घोट्यावर आलेली पँट महिन्याने नडगीवर जाते. आधीच धुऊन आटवलेल्या कापडाची आहे का, विचारावे.

कापडाबद्दल थोडक्यात. आपल्याकडची हवा दमट, त्यात एमआयडीसीतले पत्र्याचे गाळे. कार्गोला सुती ट्विल किंवा रिपस्टॉप उत्तम. रिपस्टॉप म्हणजे ज्यात ठरावीक अंतरावर जाड धागा विणलेला असतो आणि बारीक चौकटी दिसतात. एक ठिकाणी फाटले तरी चीर पुढे जात नाही. जॉगरला लूपनिट. आत बारीक वेटोळी दिसतात, टॉवेलसारखी, घाम टिपतात. आत लोकरीसारखा मऊ केस काढलेला फ्लीस हा महाबळेश्वरचा कपडा, कोपरखैरण्याच्या फलाटावरचा नव्हे. कापडाचे वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापड किती ग्रॅम भरते ते. आमच्या अंदाजाने जॉगरला 220 ते 260 इथे पुरे. बाजारात तीनशे रुपयांच्या आतबाहेर जी चकचकीत, गुळगुळीत जॉगर मिळते ती बहुधा एनएस लायक्राची, म्हणजे बहुतांश पॉलिएस्टरच. वाळते पटकन, खेळायला ठीक. पण अंगाला चिकटते, आतले सगळे आकार दाखवते आणि घामाचा वास धरून ठेवते. नमाजला जाणाऱ्याने ती एकटी घालू नये असे आम्हाला वाटते.

होजिअरीच्या पँटीत आणखी एक खोड असते. बाजूची शिलाई धुतल्यावर फिरत फिरत नडगीवर येते. कापड घाईने, तिरके अंथरून कापले की असे होते. दुकानात पँट बाजूच्या शिलायांवर घडी घालून लटकवा. पाय सरळ लोंबले तर ठीक, पिळल्यासारखे झाले तर ठेवून द्या. आणि काळा किंवा गडद हिरवा रंग असेल तर पांढरा रुमाल ओला करून आतल्या कडेवर घासा.

पैशांचे काय? तेच मोठे दुखणे आहे. मुलाच्या मोबाइलवर जी पँट असते ती 3,299 ची. मुंब्र्याच्या गुलाब पार्क मार्केटमध्ये तशीच दिसणारी 450 ला. आमचा अनुभव असा, की 900 ते 1,500 या दरम्यान चांगली शिवलेली, फारसे नाव नसलेली कार्गो मिळते, शोधावी लागते एवढेच. त्यावरच्या किमतीत शिलाई वाढत जात नाही, जाहिरात वाढत जाते. शिवाय सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यावर जीएसटी पाच टक्के आणि त्यावर अठरा टक्के आहे. म्हणजे 3,299 मधले पाचशेच्या वर रुपये नुसता कर. 1,299 च्या पँटीत तो साठ-बासष्ट रुपये. मुलाला हा हिशेब कागदावर मांडून दाखवला तर तो ऐकतो. "पैसे झाडाला लागत नाहीत" हे मात्र ऐकत नाही.

मोठ्या नावाची हुबेहूब नक्कल, जिला बाजारात 'फर्स्ट कॉपी' म्हणतात, ती आम्ही घेत नाही. लेबले रोलवर मिळतात, मीटरने. एका गाळ्यात शिवलेल्या पँटीवर कोणाचे नाव टाचायचे हे संध्याकाळी ठरते. विकणारा म्हणतो, गिऱ्हाइकाला माहीतच असते, मग फसवणूक कुठली? पण ती पँट घालून मुलगा मित्रांत जातो तेव्हा पाठीवरचे ते नाव काय सांगत असते? ईदच्या नव्या कपड्यात खोटे नाव कशाला शिवून घ्यायचे? त्यापेक्षा बिननावाची बरी. एक्सपोर्ट सरप्लस म्हणून रस्त्यावर जो माल येतो त्यात कधीकधी खरेच सोने सापडते. तिथे लेबल अर्धे कापलेले असते. अशा कपड्यावर कुठे बाणाच्या आकाराचा छोटा स्टिकर चिकटलेला दिसला तर तो कुठे बोट दाखवतो ते नीट बघा. चेकिंगला खोट सापडली की आम्हीच तो लावतो. खोट तेलाच्या डागाची असेल तर घ्यायला हरकत नाही. सुटलेल्या टाक्याची असेल तरी घरी दुरुस्त होते. कापडातच चीर असेल तर सोडा.

आणि फारच स्वस्त पँट दिसली की आम्हाला आनंद होण्याआधी दुसरेच काही आठवते. एका कार्गोत तीस-चाळीस वेगवेगळी कामे असतात. खिशाची घडी, झाकण, चेन, बारटेक, बेल्टचे लूप, धागे कापणे, प्रेस. प्रत्येक कामामागे एक माणूस बसलेला असतो आणि बऱ्याच ठिकाणी त्याला पिसावर पैसे मिळतात. कापड, धागा, चेन यांचे भाव कोणी सोडत नाही. मग 250 च्या पँटीत कपात कुठून होते? 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ साभार इथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली. तिच्यात कपड्यांचे कारखाने होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावले गेले. 1,134 माणसे गेली, त्यात बाया-पोरी फार. ते कपडे जगभरच्या दुकानांसाठी शिवले जात होते. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही शिकवण आपण भाषणात सांगतो. खरेदीच्या दिवशी ती आठवत नाही. याचा अर्थ महाग घ्या असा नाही, कारण महाग पँटीतले पैसेही शिवणाऱ्याकडे जातातच असे नाही. पण दोन बेताच्या पँटींऐवजी एक नीट शिवलेली घ्यावी, इतके तर आपल्या हातात आहे. कुरआनमध्ये सूरह आराफमध्ये इबादतीच्या वेळी नीटनेटका पोशाख करण्याचा आणि उधळपट्टी न करण्याचा हुकूम एकाच आयतीत आला आहे. ईदच्या याद्या करताना आम्हाला ते पुरते.

थोरल्याने या ईदला स्वतःच निवडलेली खाकी रिपस्टॉपची कार्गो घेतली, 1,150 ची. दुकानात ती उलटी करून त्याने एक खिसा नाकारला, दुसरा नग मागितला. जुम्याला तो आता जातो, पण पलीकडच्या गल्लीतल्या मशिदीत. त्या बुजुर्गांशी त्याचा सलाम होतो, बोलणे होत नाही. आम्ही दोघांनाही काही म्हटलेले नाही. कवटीची काळी पँट त्याने टाकली नाही. कवटीवर त्याच्या अम्मीने साध्या काळ्या कापडाचा खिसा शिवला आणि ती आता गोदामात, लांब टी-शर्टखाली चालते.

धाकटीची मागणी वेगळीच निघाली. ती वाशीला कॉलेजला जाते, वर अबाया, आत जॉगर. तुर्भे स्टेशनचे जिने चढताना सलवारीपेक्षा जॉगर सोयीची, घोट्याशी आवळलेली, पायात येत नाही. तिची तक्रार एकच, मुलींच्या जॉगरला खिसे नसतात, असले तरी दोन बोटे जातील एवढेच. पास, मोबाइल, चावी ठेवायची कुठे? गर्दीत पर्स सांभाळायची की पदर? मुलींच्या विभागात आम्ही तीन दुकाने फिरलो. शेवटी मुलग्यांच्या विभागातली छोट्या मापाची घेतली, 26 कमरेची. लांबी अडीच इंच कमी केली, रिब सोडवून पुन्हा जोडली. उजव्या बाजूच्या खिशात आतून एक छोटी चेन बसवली, सात इंची, पिवळ्या दातांची, युनिटातल्या उरलेल्या मालातून मालकाला विचारून आणलेली. शेजारच्या दोन मैत्रिणींनी तशीच करून मागितली आहे. चेन त्यांनी आपली आणायची आहे.